दारफळणीचं पाणी

खारपोय, २१ सप्टेंबर १९२५

ती. मलकाआक्कास,
धाकट्या हस्केलचा शालोम.

नव्याचा सण काल आटोपला. उद्या खिरीचा. लेआ सकाळपासून नारळ खवत बसली आहे आणि मधूनच मला विचारते, "तुमच्या आक्का खीर कशी करायच्या?" मी सांगितलं, करपवायची. तरी आमची आक्का मुंबईला गेल्यापासून खिरीला ती चव नाही.

आता मुद्द्याचं. म्युनिसिपालिटीच्या कचेरीमागची गोड्या पाण्याची विहीर तुला आठवते ना? गावातलं बाकी सगळं पाणी मचूळ. विहीर बांधली सगळ्यांच्या पट्टीतून, पण महारवाड्यातल्या बायका तिला वळसा घालून डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावर जातात. लढाईत मेसोपोटेमियापर्यंत जाऊन आलेला तिथला येसाजी ती विहीर त्यांनाही खुली व्हावी म्हणून गेली तीन वर्षं अर्जांवर अर्ज लिहितो आहे आणि सभासद म्हणून मी ते सभेत मांडतो आहे. या खेपेला ठराव मताला टाकायचं अध्यक्षांनी कबूल केलं. माझा हिशेब असा की एका मतानं पास होईल. ते एक मत माझं.

सभा कधी ठेवली असेल? येत्या सोमवारी, अठ्ठावीस तारखेला. आपल्या दारफळणीच्या दिवशी. मी अध्यक्षांना जाऊन सांगितलं, त्या दिवशी आम्ही इस्रायल लोक दारं लावून मशिदीत, आमच्या प्रार्थनेच्या घरात असतो, आदल्या संध्याकाळपासून तारे निघेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही, बाहेरच्या कुणाला शिवत नाही. ते म्हणाले, "अरेरे, लक्षातच राहिलं नाही हो, वकीलसाहेब. हरकत नाही, तुमची गैरहजेरी लावू." आणि असे गोड हसले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तारीख बदलायला मात्र तयार नाहीत.

आक्का, मत हात वर करून द्यायचं असतं. लिहायचं नाही, बोलायचं नाही, नाण्याला हात लावायचा नाही. कचेरी मशिदीपासून चालत जाण्याजोगी आहे. मी गेलो तर कोणता नियम मोडला? वकील म्हणून मला उत्तर ठाऊक आहे. भाऊ म्हणून तुला विचारतो.

तुझा,
हस्केल

---

उमरखाडी, मुंबई, २४ सप्टेंबर १९२५

चि. हस्केल यास शालोम.

खीर मी एकदाच करपवली होती, तीही तू चुलीपाशी येऊन कायदा शिकवत होतास म्हणून.

तू मला विचारतोस ते सल्ल्यासाठी नव्हे. तुझं ठरलेलं आहे. उद्या काही बिनसलं तर "आक्कालाही विचारलं होतं" म्हणायला कुणीतरी हवं, म्हणून हे पत्र. तरी सांगते. जाऊ नकोस. नियम मोडेल म्हणून नाही. तू आता जमातीचा मुकादम आहेस, शलोमकाकांनी आपल्या हातानं तुला त्या जागी बसवलंय. त्या दिवशी मुकादमच दार उघडून बाहेर पडला, तर आत बसलेल्यांनी काय समजायचं? बाबा शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणून चिडवायचं. गिऱ्हाईक परत जायचं, पण घाणा काही फिरला नाही. त्या घरातला तू.

विहीर कुठं पळून जात नाही. पुढच्या सभेला ठराव आण.

माझी या आठवड्यात बाळंतपणांनी पाठ धरली आहे. इस्पितळातून येते ती पाठ टेकायलाच.

तुझी,
मलका

---

खारपोय, १ ऑक्टोबर १९२५

ती. आक्कास शालोम.

गेलो. रागावू नकोस, आधी वाच.

दुपारच्या प्रार्थनेआधी मशिदीचं दार उघडून बाहेर पडलो. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पाय अनवाणी. बाहेर बदरुद्दीन उभा. आपला तो लाकडाचा व्यापारी, माझ्या बाजूचा दुसरा खात्रीचा सभासद. मला कुणाचा धक्का लागू नये म्हणून तो पुढे चालत हातातल्या काठीनं लोकांना बाजूला करत होता, "हटो, हटो, वकीलसाबला शिवू नका." नंतर म्हणाला, "तुमच्या मशिदीचे कायदे आमच्या मशिदीपेक्षा कडक आहेत, पण तुम्हांला ते वाकवता छान येतात."

सभेत एक शब्द बोललो नाही. अध्यक्षांनी मतं विचारली, हात वर केला, एका मतानं ठराव पास झाला. अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं होतं. आलो तसा परत फिरलो. दार आतून लावलेलं. ते कुणी उघडलं नाही, तेव्हा ओटीवर उभं राहून उरलेली प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी जमात बसली. शलोमकाका म्हणाले, "हस्केल, तू काम केलं नाहीस हे खरं. पण दार उघडलंस." त्यांचं बरोबर होतं, मी वाद घातला नाही. मुकादमी गेली. पुढच्या दारफळणीपर्यंत उंबऱ्याच्या आत यायचं नाही, सेफेरची पोथी वाचायची नाही, प्रार्थना ओटीवरून करायची. वर्षाचा प्रश्न आहे. ओटीवर वारा छान येतो. लेआ दोन दिवस बोलली नाही, आता बोलते आहे.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

तुझा,
हस्केल

---

उमरखाडी, २६ ऑक्टोबर १९२५

चि. हस्केल,

बाकी सर्व ठीक काय? काल बदरुद्दीन मचवा घेऊन माल उतरवायला आला होता. मलकाआपाला भेटल्याशिवाय जायचं कसं, म्हणून सुपाऱ्यांची पिशवी घेऊन घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "वकीलसाबनं त्या दिवशी पाणी परत केलं, ते वाईट झालं." मी विचारलं, कसलं पाणी? त्याला वाटलं होतं, तू मला लिहिलं असशील.

मग मी त्याला सोडलं नाही. ठराव झाला तशी येसाजीची बायको ठमाबाई विहिरीवर गेली, पहिली कळशी भरली, आणि ज्यांनी ज्यांनी हात वर केले त्यांच्या दारी घेऊन निघाली. बदरुद्दीन प्याला. बाकीचे मोठ्या मनाचे सभासद! एकाला सर्दी झाली होती, एक पूजेला बसला होता, एक घरीच नव्हता. शेवटी ती तुझ्याकडे आली, मशिदीच्या ओटीवर. आणि तू मान हलवलीस, वर दोन पावलं मागं सरकलास.

हस्केल, मला ठाऊक आहे तू का प्याला नाहीस. तुझा उपास होता. तिला ठाऊक आहे का?

तू तुझ्या शिक्षेबद्दल पान भरून लिहिलंस, वाऱ्याचं कौतुक लिहिलंस, आणि हे लिहिलं नाहीस. मला तुझा फार राग आला आहे. इथं यायचं असेल तर ये. हायकोर्टात ओळखीचे वकील आहेत, काम मिळेल. पण त्या आधी मला खरं काय ते लिही.

मलका

---

खारपोय, २ नोव्हेंबर १९२५

ती. आक्कास,

लिहिलं नाही कारण लिहवत नव्हतं.

बाहेर पडताना मी मनाशी ठरवलं होतं की दार उघडलं एवढं पुरे; आता तारे निघेपर्यंत प्रार्थनेशिवाय शब्द काढायचा नाही. दार लागलेलं, ऊन तापलेलं, जीभ टाळूला चिकटलेली. डोळे मिटून उभा होतो. उघडले तर पायरीशी ठमाबाई, कळशीवर केळीचं पान झाकलेलं. म्हणाली, "साहेब, पयलं पानी हाय. तुमी घ्या, मंग आमी पितो." मी मान हलवली. ती एक पायरी वर आली, मी मागं सरलो. हात जोडले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी अंगणातल्या तुळतुळीत दगडांवर ओतून निघून गेली. आक्का, इतकी तहान लागलेली असताना ते पाणी दगडांवरून वाहताना पाहिलं मी.

दुसऱ्या दिवशी जमात बसायच्या आधी, सकाळीच वाडीवर गेलो. म्हटलं, तिच्या हातचं पाणी मागून पिऊ. पण तो दिवस कोणता? शिळा सण! आपण दरवर्षी दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी गोरगरिबांना दान वाटतो ना, ते सगळ्या गावाला माहीत. मला दारात पाहून ठमाबाई म्हणाली, "दान आनलाव व्हय? ठेवा थितंच." मी पाणी मागितलं. ती म्हणाली, "आता कशापायी, साहेब? आज कुनी बगत न्हाय म्हनून पिताव?" उपासाचं सांगितलं तर म्हणाली, "बाकीच्यांचाबी कायतरी व्हताच की. कुनाला सर्दी, कुनाची पूजा."

येसाजी ओट्यावर बसून ऐकत होता. तो रागावला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, "वकीलसाहेब, तुमी मत दिलंत, उपकार न्हाय म्हनत, ते तुमचं कामच व्हतं. पन ज्यानं हात वर केला त्यालाबी आमचं पानी चालत न्हाय, तर दुसरी लोकं आमाला सुखानं भरू देतील व्हय? रोज कुनाच्या शिव्या खायच्या?"

विहिरीवर त्यांचं कुणी जात नाही. बायका पुन्हा झऱ्यावर जातात. अध्यक्ष रस्त्यात भेटले की विचारतात, "काय वकीलसाहेब, ठराव बरा आहे ना?" तीन वर्षांचं काम, आणि माझ्याच मान हलवण्यानं पुसलं गेलं. मुंबईला येऊ का असं दोनदा मनात आलं. पण हे असं टाकून येणं मला जमणार नाही.

हस्केल

---

उमरखाडी, ९ नोव्हेंबर १९२५

चि. हस्केल यास अनेक आशीर्वाद.

राग गेला. आता ऐक.

अध्यक्षाला दारफळण समजावून सांगितलीस. उपास, दार, शिवायचं नाही, तारे, सगळं. येसाजीला सांगितली होतीस का? तीन वर्षं त्याचे अर्ज घेऊन फिरलास, त्याच्या अंगणात बसलास, तेव्हा कधी बोललास? नाही. कारण तुला वाटलं, सगळ्यांना माहीतच आहे.

आता त्यांच्या जागी बसून बघ. वाडीवरून आपली मशीद दिसते. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी हे तेली-वकील लोक पांढरे कपडे घालतात, दारं-खिडक्या लावून घेतात, वाटेत कुणी आलं तर अंग चोरून जातात. त्यांनी काय समजायचं? त्यांच्यापासून अंग चोरणारे त्यांनी थोडे पाहिलेत का? त्यांना वाटत असणार, आपण त्यांच्यामुळेच दार लावतो. आपल्याला देवाची भीती असते, पण ते बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसतं ते लावलेलं दार. मीही लहानपणापासून ते आतूनच पाहिलं, म्हणून माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी इस्पितळात सगळ्या जातींची बाळंतपणं करते. घरोघर जाते, जिथं जे मिळेल ते पिते. पण दारफळणीला मी इथल्या मशिदीत जाते आणि एका शेजारणीला कधी सांगितलं नाही की आत काय करतो. तुलाच बोल लावत नाही.

वर्षभर तू ओटीवर आहेस. शिक्षा म्हणून बसवलंय, पण दाराच्या बाहेर बसलेला तूच एक इस्रायल आहेस. त्यांना बोलाव. दान द्यायला नको, विहीर दाखवायला नको. पुढच्या वर्षी ये आणि बघ म्हणावं, आम्ही काय करतो. आणि उपास सुटताना पाणी लागतं. ते कुणाचं प्यायचं, हे मी तुला सांगायला नको.

वेळ लागेल. लागू दे. नाही आले तर पुन्हा बोलाव.

तुझी,
मलकाआक्का

---

खारपोय, २० सप्टेंबर १९२६

ती. आक्कास शालोम.

हे पत्र लिहायला काल बसलो होतो, पण माणसं येत राहिली.

येसाजीला मी शिमग्यानंतर सांगितलं होतं. तो "बघू" म्हणाला. पावसाच्या तोंडाशी पुन्हा सांगितलं, पुन्हा "बघू". मग मी बोललो नाही. आमचं बाकीचं काम चालू होतं; धक्क्याच्या पायऱ्या खचल्यात त्याचा अर्ज त्यानं लिहिला, मी मांडला.

परवा शनिवारी दारफळण. मी ओटीवर. आतून शलोमकाकांचा आवाज येत होता, थकलेला, पण सूर पक्का. दुपार गेली, कुणी आलं नाही. ऊन उतरताना येसाजी आला आणि फाटकापाशी उभा राहिला. थोड्या वेळानं ठमाबाई आली. कळशी खाली ठेवून पायरीवर टेकली. माझ्याशी बोलली नाही. आत चाललेलं ऐकत राहिली. मध्येच येसाजीला म्हणाली, "रडतात काय वं?" येसाजी म्हणाला, "माफी मागत्यात. दरसाल एक दिस मागत्यात. साहेबानं सांगितलंय."

आभाळ भरून आलेलं. तारे दिसेनात. आत उपास सुटल्याचं शिंग वाजवायचं खोळंबलेलं, सगळे आभाळाकडे डोळे लावून. आणि आक्का, पहिला तारा ठमाबाईला दिसला. "त्यो बगा, माडाच्या वर." मग आणखी दोन निघाले, शिंग वाजलं, दार उघडलं. ती उठली, कळशीवरचं पान काढलं आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी पायरी उतरून खाली गेलो, तिच्यापुढे ओंजळ धरली. तिनं लगेच ओतलं नाही. म्हणाली, "समद्यांदेखत हाय, साहेब." मी म्हटलं, "म्हणूनच." मग ओतलं.

शलोमकाका उंबऱ्यात उभे होते. म्हातारा दिवसभर उभा राहून वाळून गेलेला. म्हणाले, "हस्केल, मलाही दे." मी म्हटलं, "काका, पाणी माझं नाही. तिला मागा." त्यांनी कळशीकडे पाहिलं. मागची सगळी जमात तशीच उभी. मग धोतर सावरत पायऱ्या उतरले आणि ओंजळ पुढे केली, "घाल गो बाई, घसा बसलाय." त्यांच्यामागून काही आले, काही घरी गेले. गेलेल्यांची नावं मी लिहीत नाही, ते मुंबईत आले की तू त्यांना गाठशील.

उरलेलं पाणी ठमाबाई तिथंच पायरीवर बसून घटाघटा प्याली. म्हटलं, कळशी घेऊन वाट चालून दमली असेल.

काल शिळ्या सणाला सकाळी वाडीतल्या बायका विहिरीवर आल्या. अध्यक्षांच्या आळीतल्या दोघांनी आरडाओरडा केला. बदरुद्दीन रहाटाशी खुर्ची टाकून दिवसभर सुपारी कातरत बसला होता, तेव्हा आरडाओरड्यापलीकडे काही झालं नाही. आज त्या पुन्हा आल्या.

मला उंबऱ्याच्या आत घेतलं आहे. काका म्हणाले, "सेफेर तूच वाच, माझ्यानं आता होत नाही." पण मला ओटीची सवय झाली, वारा खरंच छान येतो.

तुझा,
हस्केल

---

उमरखाडी, २४ सप्टेंबर १९२६

चि. हस्केल,

पत्र पोचलं. शेजारणीला बोलावून मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि आत काय करतो तेही सांगितलं. ती म्हणाली, एवढंच होय?

जास्त लिहवत नाही. ठमाबाईला माझा नमस्कार सांग. बदरुद्दीनला म्हणावं, सुपारी संपली.

मलका

---

खारपोय, १७ सप्टेंबर १९३७

ती. आक्कास शालोम.

तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या पायांची तीच गत. भावंडं शोभतो खरी.

यंदा म्युनिसिपालिटीला उभा राहणार नाही. दवाखाना झाला, मुलींची शाळा झाली, धक्का मात्र अजून खचतोच आहे. तो येसाजीच्या गळ्यात घातला. तो आता सभासद आहे आणि माझ्यापेक्षा वाईट बोलतो, म्हणून त्याचं ऐकतात. जमातीचं विचारशील तर निम्मी घरं मुंबईला गेली. गिरण्यांत, रेल्वेत, पोलिसांत. प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे म्हणजे मला आदल्या आठवड्यात रेवदंड्याला निरोप धाडावा लागतो. शलोमकाकांच्या जागी मी उभा राहतो आणि त्यांच्यासारखाच खोकतो.

परवा दारफळण झाली. तापातून उठून आठवडा झाला नव्हता. डॉक्टरनं बजावलं होतं, यंदा उपास नको, निदान पाणी घ्या. मी कुणाचं ऐकलं नाही. पण दुपारी मशिदीत डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मला उचलून ओटीवर आणून निजवलं. लेआ रडायला लागली. मला वाटलं, पुरे झालं, देवाला कळतं. लेआला म्हटलं, घेतो पाणी, पण घ्यायचं तर ठमाबाईच्या हातचं. इतकी वर्षं माझा उपास तिच्याच पाण्यानं सुटला.

ठमाबाई आली. आता काठी टेकत येते, कळशी नातीच्या डोक्यावर. लेआनं सगळं सांगितलं. ठमाबाईनं माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला, माझी जीभ पाहिली, सूर्याकडे पाहिलं. मग कळशी माझ्यापासून लांब सरकवून बसली. "न्हाय," म्हणाली.

मी म्हटलं, "अगो, डॉक्टर म्हणतो."

"डाक्तर म्हनतो तर डाक्तराच्या हातचं प्या. त्याला मी आडवी येत न्हाय. माज्या हातचं तारं निगाल्याबिगर न्हाय. पयल्या साली मी आनलं तवा तुमी न्हाय म्हनलाव. आज तुमी मागताव, आज मी न्हाय म्हनतंय."

आणि हसली. आक्का, बारा वर्षांनी त्या गोष्टीवर ती पहिल्यांदा हसली. माझ्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक, उठून भिंतीला टेकून बसलो. म्हटलं, बरं, थांबतो.

लेआनं तिला चहा देऊ केला. ती नको म्हणाली. गूळ-पाणी दिलं, तेही नको. लेआ म्हणाली, "अगो, उन्हातून आलीस, उपास यांचा आहे, तुझा नाही." ठमाबाई पदराशी चाळा करीत बसली. बोलली ती नात. "आजी आज काय खात-पीत न्हाय. दर साली या दिशी न्हाय."

मी विचारलं, केव्हापासून?

ठमाबाई म्हणाली, "तुमी बोलावलाव त्या सालापासून. तुमी निजळी बसायचं, आन् मी पिऊन यायचं, बरं दिसतं व्हय?"

त्या वर्षी पायरीवर बसून ती घटाघटा पाणी प्यायली होती. मी तुला लिहिलं होतं, वाट चालून दमली असेल. वकील म्हणून इतकी वर्षं साक्षीदारांची तोंडं वाचण्यात घालवली आणि समोर बसलेलं माणूस तहानलेलं आहे हे मला अकरा वर्षं कळलं नाही. मी लेआदेखत रडलो.

मग आम्ही दोघं ओटीवर थांबलो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला तारे दिसत नाहीत. तिनं सांगितलं, एक निघाला. दुसरा. तिसऱ्याला ढग आडवा आला, तेव्हा येसाजी अंगणातून ओरडला, "व्हय, निगाला!" त्याला खरंच दिसला की बायकोची दया आली, मी विचारलं नाही. आत शिंग वाजलं.

मी म्हटलं, "ठमाबाई, आज आधी तू." ती म्हणाली, "न्हाय साहेब, रीत मोडू नका." मी म्हटलं, मी वकील आहे, रीत मला सांगू नकोस. दोघंही हट्टाला पेटलो. शेवटी लेआ आतून दोन तांबे घेऊन आली, दोन्ही त्या कळशीतून भरले आणि आमच्या हातांत दिले.

आम्ही एकदमच प्यालो, आक्का.

तुझा,
हस्केल